गॅस किट बसवा, पण टॅपेटचं कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या प्रश्नोत्तरात एका वाचकानं विचारलं होतं, जुन्या पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवू का म्हणून, आणि त्याला उत्तर मिळालं की 'बसवू नका, गॅसनं इंजिन खराब होतं'. बास, संपलं. आता हे उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ते अर्धं आहे, आणि दुसरं अर्धं उत्तर किट बसवणारा देतो ते म्हणजे 'काय होत नाय हो'. या दोन अर्ध्या उत्तरांच्या मधे पडून मी स्वतः एकदा साडेआठ हजार रुपये मोजलेत, म्हणून लिहायला बसलोय. मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, मी विज्ञानाचा मास्तर, मराठीचा नव्हे.

माझी २००६ ची मारुती ८००, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जिला लोक आता हसतात ती. २००८ ला माझी बदली गारगोटीकडच्या शाळेवर झाली आणि राहायला कोल्हापुरातच, म्हणजे रोजचं जाऊन येऊन शंभर किलोमीटर, पगारातलं किती पेट्रोलमध्ये जातंय ते बघून आमच्या घरी रोज वाद. मग जूनमध्ये गॅस किट घातलं, मिक्सरवालं (इंजिनात जाणाऱ्या हवेतच गॅस मिसळणारं) साधं किट, आरसीवर नोंद करून सगळं मिळून एकोणीस हजार. किटवाल्याला मी एकच प्रश्न विचारला होता, इंजिनाला काही होणार नाही ना. तो म्हणाला, "सर, गॅस म्हणजे एकदम प्युअर, कार्बन नाय काय नाय, ऑइल बघा तुम्ही, मधासारखं राहतंय." आणि खोटं नव्हतं ते, ऑइल खरंच मधासारखं राहिलं. पेट्रोल थंड इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं, गॅस तसं करत नाही, काजळीही कमी, त्यामुळे ऑइल काळं पडत नाही. (यावरून काही हुशार लोक ऑइल दुप्पट किलोमीटर चालवतात, तो वेगळा मूर्खपणा, रंग चांगला म्हणजे ऑइल चांगलं असं नसतं.)

आता गंमत बघा. दोन वर्षं गाडी झकास चालली, पेट्रोलवर सतरा-अठराचं ॲव्हरेज होतं ते गॅसवर चौदा, पण गॅसचा लिटरचा भाव बघता परवडत होतं. आणि गाडीचा आवाज कमी झाला! ज्यांनी ८०० चालवलीय त्यांना माहीत आहे, बॉनेटखालून टॅपेटचं बारीक टिकटिक येतंच, शिलाई मशीनसारखं. (टॅपेट म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व ढकलून उघडणारा भाग, त्याच्यात आणि व्हॉल्वच्या टोकात बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते, आवाज तिचाच.) ते हळूहळू बंद झालं. आमची ही सुद्धा म्हणाली की गाडी शांत झालीय की हो. मी शाळेत दोघा-तिघांना सांगत सुटलो, गॅसनं इंजिन स्मूथ होतं, बसवा तुम्ही पण. त्यातल्या एकानं बसवलं, त्याची माफी मी नंतर मागितली.

२०१० च्या दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला निघालो, येताना आंबा घाटात गाडी चढेना. तिनातला एक सिलिंडर गेला की काय होतं ते सांगायला नको, गाडी थरथरते नुसती, पिकअप नाही, मागचा ट्रकवाला हॉर्न मारून मारून बेजार. तशी सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं मिसिंग मारायचं हे महिनाभर आधीपासून होत होतं, पण गरम झालं की जायचं म्हणून मी दुर्लक्ष केलं. परत आल्यावर एका गॅरेजात प्लग बदलले, दुसऱ्यात प्लगवायरी आणि कॉइल बघितली, तिसरा म्हणाला गॅसचं सेटिंग बिघडलंय. फरक शून्य.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गॅस किटला हातच लावला नाही. गाडी रात्रभर तिथंच ठेवून घेतली, सकाळी गार इंजिनाचं वरचं कव्हर काढलं, आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पट्टी घेऊन टॅपेटच्या फटीत घालायला लागले. एक्झॉस्टच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्वच्या, बाजूला पट्टी शिरेचना. पातळ घेतली, त्याहून पातळ घेतली, नाही. मधल्या सिलिंडरला तर फटच नव्हती. मग सिलिंडरातला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला, दोन्ही कडेचे सिलिंडर ठीक, मधला निम्म्यावर. मला म्हणाले, "गुरुजी, हिचं टॅपेट कधीपासनं गप हाय?" मी म्हटलं वर्ष झालं असेल, चांगलंच आहे की. तर ते हसले, "वाजतंय त्ये टॅपेट इंजिन मारत न्हाई. गप बसतंय त्येच मारतंय."

हेड उतरवलं. मधल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व त्यांनी माझ्या हातात दिला. व्हॉल्वच्या कडेला चंद्रकोरीएवढा तुकडाच नव्हता, उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तसा. आणि हेडमधली सीट, म्हणजे ज्या कड्यावर व्हॉल्व बसतो ती, आत धसलेली. बाकीच्या दोन व्हॉल्वची पण तीच वाटचाल सुरू होती, फक्त वेळ आली नव्हती.

मी इतकी वर्षं नववीच्या पोरांना फोर स्ट्रोक इंजिन फळ्यावर काढून शिकवलं आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, म्हणून जरा मास्तरकी करतो, माफ करा. एक्झॉस्ट व्हॉल्व आगीतच राहणारा प्राणी आहे. तो गार होतो तो मुख्यतः मिटलेला असताना, कडेची उष्णता सीटमध्ये सोडून. इंजिन तीन हजारावर फिरत असलं तर तो मिनिटाला पंधराशे वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा सीटवर आपटतो. पेट्रोल द्रवरूपात आत जातं, जाताना वाफ होऊन उष्णता खातं, त्यात कंपनीनं घातलेली ॲडिटिव्ह असतात. पूर्वी तर शिसं असायचं, त्याचा थर सीटवर बसून गादीसारखं काम करायचा, ते देशभर २००० साली बंद झालं. एलपीजी आधीच रेड्यूसरमध्ये (टाकीतल्या द्रव गॅसची वाफ करणारा किटचा डबा) वाफ होऊन कोरडा आत येतो, थंडावाही नाही आणि थरही नाही. मग तापलेल्या व्हॉल्वची आणि सीटची कड दर आपटीला किंचित चिकटते, उचलताना किंचित धातू ओरबाडून नेते, आणि सीट झिजत जाते. सीट झिजली की व्हॉल्व वर सरकतो, वर सरकला की टॅपेटची फट कमी होते, म्हणून आवाज बंद होतो. फट संपली की व्हॉल्व पूर्ण मिटतच नाही, मिटला नाही की गार होत नाही, आणि उरलेल्या फटीतून जळता गॅस फुंकणीसारखा जातो. तुकडा पडायला मग वेळ लागत नाही.

म्हणजे जो आवाज बंद झाला म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होतो ते इंजिनाचं शेवटचं दुखणं होतं.

नवे एक्झॉस्ट व्हॉल्व, सीट कटिंग, मग ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व हातानं घासून बसवले, पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं आणि खालून एक थेंब झिरपत नाही हे मला दाखवूनच हेड वर चढवलं. एकूण साडेआठ हजार. आणि मिस्त्रींनी सांगितलं की दर दहा हजार किलोमीटरला गार इंजिन घेऊन यायचं, अर्ध्या तासाचं काम आहे, स्क्रू सैल करून फट परत मापात. मी डायरी ठेवली (मास्तरची सवय). पहिल्या दहा हजाराला एक्झॉस्टची फट चांगलीच कमी झालेली, पुढच्या दोन वेळा थोडी थोडी, नंतर जवळपास जागेवरच. पुढं ही गाडी गॅसवरच लाखभर किलोमीटर चालली, हेड परत उतरवावं लागलं नाही. २०२१ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा ग्रीन टॅक्स भरून पासिंग करून घेतली, आरटीओत एक तरुण इन्स्पेक्टर म्हणाला अजून चालवता होय.

तर माझा मुद्दा एवढाच आहे साहेब, की गॅसनं इंजिन खराब होतं हे खरं, पण ते एका ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीनं, आणि आधी सूचना देऊन होतं, आणि ती सूचना ओळखायची कशी हे किट विकणाऱ्यानं गिऱ्हाईकाला सांगायला पाहिजे. मला दिलेल्या बिलावर वॉरंटी होती, फोन नंबर होता, देवाचा फोटो पण होता, टॅपेट हा शब्द नव्हता. परवा पुतण्यानं त्याच्या गाडीला किट घातलं, त्याचं बिल बघितलं, सोळा-सतरा वर्षांनी पण तेच. फक्त देवाचा फोटो आता कलर आहे.

आणि आता तर हे जास्त गरजेचं झालंय. आमच्या ८०० ला स्क्रू आणि लॉकनट होतं, पाना आणि पट्टी असली की झालं. नव्या बऱ्याच इंजिनात टॅपेट वाटीसारखी असतात, स्क्रू नाही, फट कमी झाली तर कॅमशाफ्ट काढून वेगळ्या जाडीची वाटी घालावी लागते, ते अर्ध्या तासाचं आणि दोनशे रुपयाचं काम राहत नाही. काही इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर असतात, ते आपोआप जुळवून घेतात पण त्यालाही मर्यादा आहे, आणि तिथं आवाजाचीही सूचना मिळत नाही. ज्या गाड्या कंपनीतूनच गॅसवर आल्या, मारुतीची २००६ ची वॅगन आर ड्युओ वगैरे, त्यांची गोष्ट वेगळी, कंपनी गॅस धरूनच इंजिन बांधते. बाहेरून किट घालणाऱ्यानं मात्र आधी विचारावं, माझ्या इंजिनात टॅपेट कसली आहेत, सीट कठीण आहेत का मऊ. किटवाल्याला सांगता आलं नाही तर दुसरा किटवाला बघावा.

बाकीची काळजी पण आहे, ती मी चुका करत करतच शिकलो. गॅस वाचावा म्हणून सेटिंग पातळ करून मागणारे लोक आहेत, मी पण मागितलं होतं, आणि पातळ मिक्स्चर (गॅस कमी, हवा जास्त) म्हणजे व्हॉल्वला जास्त ताप, दहा-वीस रुपये वाचवायला जाऊन हेड जाळायचं. गॅसला ठिणगी जोरदार लागते, प्लगवायरी जुन्या असतील तर पेट्रोलवर कळत नाही पण मिक्सरच्या किटमध्ये बॅकफायर होतो, माझ्या एअर फिल्टरचा डबा एकदा असा फुटला की शेजारची म्हातारी बाहेर आली, काय फुटलं म्हणून. आता सिक्वेन्शियल किट येतात, इंजेक्टरनं प्रत्येक सिलिंडरला मोजून गॅस देणारी, त्यात हे जवळपास संपलंय, महाग असली तरी एमपीएफआय गाडीला तीच घाला, इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल तर मिक्सर नकोच नको. कूलंटमध्ये नुसतं नळाचं पाणी घालू नका, रेड्यूसर त्याच गरम पाण्यावर गॅसची वाफ करतो, त्याच्या वाटा गंजून तुंबल्या किंवा पाणी कमी झालं की रेड्यूसरवर चक्क बर्फ धरतो, तो दिसला की आधी रेडिएटर बघायचा. रेड्यूसरच्या खाली ड्रेनचा बोल्ट असतो, त्यातून काळं चिकट तेल निघतं, वर्षातून एकदा तरी काढून टाकायचं, वास कपड्याला आठवडाभर राहतो. आणि गॅसवर चालवतोय म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोलनंच गार होतो, शिवाय गाडी रोज पेट्रोलवर सुरू करून चार-पाच किलोमीटर चालवली तर पेट्रोलचे इंजेक्टरही जाम होत नाहीत. पुणे हायवेला तासन्‌तास शंभरच्या वर पळवायची असेल तर मी सरळ पेट्रोलवर टाकतो, सगळ्यात जास्त झीज तिथंच होते.

व्हॉल्वला वंगण म्हणून थेंब थेंब सोडणारी एक बाटली मिळते, इनटेकला, म्हणजे हवा आत जाते त्या नळीला, जोडायची. मी दीड वर्ष वापरली. वाईट नाही, पण तीन सिलिंडरला ते सारखं पोचतंय का हे आपल्याला कळायचा मार्ग नाही, आणि बाटली लावली म्हणजे टॅपेट बघायची गरज नाही असं विकणारा सांगतो ते साफ चूक आहे. मी बंद केली, पट्टीवर माझा जास्त विश्वास.

सुरक्षेबद्दल वेगळं पत्र होईल, पण एक सांगतो. वाहनात एलपीजी वापरायला आपल्याकडे कायद्यानं परवानगी मिळाली त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, २००१ ची त्याची ऑर्डर आहे, किटला मान्यता लागते (आमच्या पुण्याची एआरएआय ती तपासणी करते), टाकीची दर पाच वर्षांनी टेस्ट लागते, आणि २०२२ च्या ऑगस्टपासून बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाड्यांनाही बाहेरून किट घालायची मुभा आहे. पण आमच्या भागात ऑटो एलपीजीचे पंप हाताच्या बोटावर, त्यातला एखादा कायम बंद, मग लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर आणि शेडमध्ये मोटर लावून भरायचा. पंपावर ३४ लिटरच्या टाकीत २७ लिटरच बसतं म्हणून लोक भांडतात, अहो ती वरची वीस टक्के जागा उन्हात गॅस फुगायला मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, टाकीचा व्हॉल्व तिथं आपोआप बंद होतो. शेडमध्ये या गोष्टी कोण बघतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचून राहतो, वर निघून जात नाही. जळगावात २०२४ च्या दिवाळीनंतर असाच बेकायदा गॅस गाडीत भरताना स्फोट झाला, माणसं गेली. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आणि गाडीच्या गॅसवर १८ टक्के, मग लोक शेडकडे वळले तर नवल काय, अर्थात वळू नये.

तर माझी मागणी साधी आहे. किट बसवल्यावर आरसीवर नोंद करायला गाडी आरटीओत न्यावीच लागते. त्याच वेळी किटवाल्यानं गिऱ्हाईकाला एक कार्ड दिलंय का ते बघावं, मराठीत छापलेलं, त्यात या इंजिनाची टॅपेट कसली, गार इंजिनाला फट किती हवी, किती किलोमीटरला तपासायची, रेड्यूसर आणि फिल्टर कधी, टाकीची टेस्ट कोणत्या महिन्यात. एक पान. किटच्या किमतीपुढं त्या कार्डाचा खर्च म्हणजे काहीच नाही. आरटीओनं मनावर घेतलं नाही तरी गिऱ्हाईकानं बिलाच्या मागे किटवाल्याकडून हातानं लिहून घ्यावं, सही शिक्क्यासकट, पुतण्याला मी तेच करायला लावलं, किटवाला आधी हसला, मग म्हणाला काका मला पण हे माप बघून सांगावं लागेल. बघून सांगितलं, दोन दिवसांनी.

आणि आपल्या पुरवणीत त्या वाचकाला परत उत्तर द्यावं ही विनंती, त्यानं अजून ठरवलं नसेल तर. त्याची गाडी कुठली ते छापलेलं नव्हतं. स्क्रूवाली टॅपेट असतील, रोजचा प्रवास भरपूर असेल आणि जवळ पंप असेल तर त्यानं खुशाल बसवावं. महिन्याला तीनशे किलोमीटर चालवत असेल तर किटचे पैसे निघायलाच इतकी वर्षं लागतील की तोवर टाकीची टेस्ट येईल, नको त्या भानगडीत पडायला. हिशोब त्याचा त्यालाच करता येईल, गॅसला लिटरमागं ॲव्हरेज साधारण वीस-बावीस टक्क्यांनी कमी धरायचं आणि त्या दिवशीचे दोन्ही भाव टाकायचे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर
(नाव छापू नये, किटवाला ओळखीचा आहे)

ता. क. - विमा कंपनीला किटचं कळवायला विसरू नका, थर्ड पार्टीला साठ रुपये जास्त आणि किटच्या किमतीवर थोडा हप्ता, पण न कळवता अपघात झाला तर क्लेमला नाट लागतो. माझ्या ओळखीत एकाचा लागलाय.